ओळखीचा नमुना

१

सकाळी प्रयोगशाळा उघडली, की पहिलं काम वहिनींना बाहेर काढायचं.

नव्याने कामाला लागलेला माणूस हे ऐकून हमखास दचके. मग कुणीतरी त्याला समजावून सांगे, की वहिनी म्हणजे डीप फ्रीजरमधली निळ्या टोपणाची नळी. चांदीच्या कागदात गुंडाळलेली, कारण उजेड लागला की आतला माल बिघडतो. एखाद्याच्या लघवीत पॉर्फिरिया या आजाराची खूण आहे का हे बघायचं, तर शेजारी दोन नमुने लागतात. एक, ज्याला आजार आहे हे नक्की ठाऊक आहे अशा माणसाचा. त्याला ओळखीचा नमुना म्हणायचं. दुसरा, धडधाकट माणसाचा. तो साधा. परक्याची नळी या दोघांच्या मध्ये उभी करायची आणि ती कुणाच्या वळणावर गेली आहे ते बघायचं.

ओळखीचा नमुना भाऊंच्या बायकोचा होता. साधा नमुना खुद्द भाऊंचा.

भाऊ या विभागाचे प्रमुख. पन्नाशी उलटलेली, बोलणं मोजकं. सकाळी आल्यावर आपली पांढऱ्या टोपणाची नळी तेच भरून ठेवत. ही प्रयोगशाळेची जुनी रीत होती आणि तिची थट्टाही तितकीच जुनी होती. निळ्या नळ्या मात्र एकदाच भरल्या होत्या. बायको आजारपणात वरच्या मजल्यावर याच इस्पितळात होती, तेव्हा तिनं आपण होऊन बाटली भरून दिली होती. “एवढं दुखतंय, तर त्याचा कुणाला तरी उपयोग होऊ दे,” ती म्हणाली होती. “आणि रोज सकाळी माझं तोंड बघूनच कामाला लागा. घरी कधी बघितलंत?”

भाऊ तेव्हा हसले होते. पुढच्या खेपेला आजार तिच्या नसांवर गेला, मग श्वासावर. ती गेली. फ्रीजरमध्ये तिच्या नळ्यांनी भरलेला एक खण राहिला. असे नमुने ठरावीक काळानं बदलायचे असतात. पण ते भाऊंना सांगणार कोण?

त्या सोमवारी भाऊंनी वहिनींना बाहेर काढलं, नळी तळहातात धरून वितळू दिली आणि औषधाचे थेंब टाकले. रंग चढायला हवा होता तो गर्द गुलाबी, जरा वेळानं जांभळटाकडे झुकणारा. डोळे मिटून सांगता येईल असा.

रंग चढला, पण फिकट.

२

औषधं तयार करणाऱ्या बाई इतक्या वेळेवर येत, की सगळे त्यांना घड्याळबाई म्हणत, त्यांच्या तोंडावरसुद्धा. त्यांनी भाऊंच्या खांद्यावरून नळीकडे पाहिलं.

“आज वहिनी रुसल्यात वाटतं.”

“औषध जुनं झालं असेल.”

“माझं औषध? आत्ता केलंय, ताजं. दुसरं कारण शोधा, भाऊ.” मग त्यांची नजर पांढऱ्या टोपणाच्या नळीकडे गेली. “आणि तुम्ही लाजलात की काय?”

भाऊंनी नळी खिडकीकडे धरली. साध्या नमुन्याला रंग यायचं कारण नव्हतं. पण तळाशी काहीतरी होतं खरं, पांढरं कापड चुकून लाल कपड्याबरोबर धुतलं जावं तसं. भाऊंनी दोन्ही नळ्या ओतून टाकल्या. काच नीट धुतली गेली नसेल. नव्या काचेत पुन्हा केलं. तेच आलं. फ्रीजरचा वीजपुरवठा रविवारी गेला असेल. माल उतरला असेल. पण मग पांढरी नळी? ती तर आज सकाळची.

एकेका गोष्टीला कारण सापडत होतं. दोन्हींना मिळून एक कारण सापडत नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तर ठकू टेबलाशी बसून पुठ्ठा कापत होती. ठकू ही त्यांची एकुलती एक. एका वास्तुकाराकडे ती इमारतींच्या लहान प्रतिकृती बनवायची. टेबलावर जिने, खिडक्या, बिनमाणसांच्या खोल्या पसरलेल्या असत. जेवणाचं ताट तिनं बाजूला सारलेलं होतं.

“जेवली नाहीस?”

“पोटात जरा दुखतंय. बाहेरचं खाल्लं काल.”

भाऊंनी तिच्या हातांकडे पाहिलं, मग मानेकडे, मग डोळ्यांकडे. आईचा आजार मुलीत उतरायची शक्यता निम्मी. आजवरच्या तपासण्यांत काही निघालं नव्हतं, पण या आजाराचं असं, की तो झोपलेला असताना सापडेलच याची खात्री नाही. दुखायला लागल्यावरच तो खरं बोलतो.

“बाबा,” ठकू मान वर न करता म्हणाली, “मला नळीसारखं बघू नका.”

“मी कुठं बघतोय?”

“मग जेवा. माझंही ताट तुम्हीच संपवा, वाया नको.”

भाऊंनी न जेवताच दोन्ही ताटं झाकून ठेवली.

३

मंगळवारी एका माळ्याचा नमुना आला. त्याच्या हातांच्या पाठीवर फोड येत, कातडी जरा लागलं की सोलून निघे. पोटदुखी कधीच नाही.

भाऊंना अशी कोडी आवडत. पॉर्फिरिया हे एका आजाराचं नाव नव्हे, ते आडनाव. रक्ताचा लाल रंग शरीर पायरी पायरीनं तयार करतं. त्यातली एखादी पायरी कच्ची निघाली, की अर्धवट माल साचत जातो. कोणती पायरी कच्ची, त्यावर प्रकार ठरतो. काही प्रकार कातडीत राहतात, या माळ्यासारखे. काही प्रकारांत मुलं उन्हात गेली की अंगाची आग होऊन रडतात, आणि कातडीवर ओरखडासुद्धा नसतो, म्हणून घरचे त्यांनाच खोटं ठरवतात. एक प्रकार जन्मापासून असा, की दातसुद्धा लालसर असतात. आणि काही कातडीला शिवत नाहीत. ते पोटात उठतात, पाठीत शिरतात, माणसाला वेड्यासारखं बडबडायला लावतात आणि उतरले की मागमूस ठेवत नाहीत. दोन्हीकडे पाय ठेवून असणारेही आहेत. दुखतं कुठं, उजेडानं काय होतं, माल सापडतो लघवीत की रक्तात, हे विचारत विचारत घर गाठायचं.

बायकोचा प्रकार पोटातला. उन्हाशी तिचं वैर नव्हतं. गच्चीवर केस वाळवत ती तासन्‌तास बसे.

काळी खोली मांडणीच्या मागं होती. खिडकी नाही, भिंती काळ्या. जांभळ्या दिव्याखाली नमुना लालसर चमकतो का ते तिथं बघायचं. पण चमक मंद असते, म्हणून आधी दार लावून अंधारात बसून राहायचं. डोळे सरावले, की मग दिवा. बाहेर लख्ख सकाळ असताना आत असं गप्प बसणं भाऊंना सवयीचं होतं. किंबहुना दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा होता.

ते स्टुलावर बसले. बाहेर घड्याळबाई कुणाला तरी ओरडत होत्या. ते थांबलं. मग ऐकू आला श्वास.

दातांतून ओढलेला. तीन तुटक, एक लांब. पुन्हा तीन तुटक, एक लांब.

भाऊंनी डोळे मिटले. अंधारात त्यानं काही फरक पडला नाही. पोटात कळ यायची तेव्हा त्यांची बायको असा श्वास घ्यायची. मी कळ मोजत नाही, फोडते, असं म्हणायची. एवढा मोठा दगड एका दमात उचलत नाहीत, फोडून न्यावा लागतो.

फ्रीजरची मोटर असेल. भिंतीपलीकडे फ्रीजरच तर आहे. त्यांनी दिवा लावला. आवाज थांबला. माळ्याची नळी लालसर चमकत होती, ठरल्यासारखी. बाकी खोलीत एक स्टूल, एक स्टँड आणि भाऊ.

४

बुधवारी वहिनी आणखी फिकट झाल्या. गुरुवारी रंग आला की नाही, याची शंका यावी इतपत. पांढरी नळी मात्र रोज थोडी पुढं जात होती.

भाऊंनी खणातल्या साऱ्या नळ्या बाहेर काढून एकेक तपासली. सगळ्या सारख्याच उतरल्या होत्या, जणू एकाच माणसाच्या अंगातून काहीतरी निघून चाललं होतं.

मग त्यांनी नळी यंत्रात घातली. पडद्यावर रेघ उमटते. चढते, शिखर गाठते, उतरते. शिखर कुठं आलं यावरून प्रकार कळतो. एका प्रकारची माणसं एकसारखी रेघ काढतात. पण बायकोच्या रेघेला उतरताना उजवीकडे एक लहानसा उंचवटा होता. कशामुळं, ते भाऊंना कधीच कळलं नव्हतं. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाच्या रेघेत तो दिसला नव्हता. पुस्तकांत नव्हता. प्रकार ओळखायला त्याचा काही उपयोग नव्हता. चालीवरून माणूस ओळखावा, तेवढाच त्याचा उपयोग.

रेघ चढली, जेमतेम शिखर गाठलं आणि सरळ उतरली. उंचवटा नव्हता.

“भाऊ, एक सांगू?” घड्याळबाई मागं उभ्या होत्या. आवाजात नेहमीची धार नव्हती. “कधीतरी हे व्हायचंच. बर्फात ठेवलं तरी माणूस किती दिवस टिकणार? दुसऱ्या इस्पितळातून नवा नमुना मागवू या.”

“बघू.”

“आणि जरा जेवत जा. तोंड बघा आरशात. साध्या नमुन्यानं असं दिसू नये.”

त्या गेल्या. भाऊंनी पांढरी नळी यंत्रात घालायला हात पुढं केला आणि मागं घेतला. पुन्हा पुढं केला. शेवटी त्यांनी यंत्रच बंद केलं.

५

शुक्रवारी ठकूला कामावरून थेट इस्पितळात आणलं. भाऊ वर पोचले तेव्हा ती खाटेवर पाय पोटाशी घेऊन पडली होती.

“किती दुखतंय?”

“आई म्हणायची ना, पाठीत कुणीतरी उभं राहिलंय. तसं.” ती हसायचा प्रयत्न करत होती. “आता नळीसारखं बघितलंत तरी चालेल.”

सर्जन तरुण आणि घाईतला होता. त्यानं भाऊंना व्हरांड्यात नेलं.

“मला अपेंडिक्स वाटतंय. फुटायच्या आत काढायला हवं. पण घरात हा आजार आहे म्हणता. असेल तर चिरायचं नाही, शिवाय भूल देताना निम्मी औषधं बाद. आणि नसेल तर थांबणं महागात पडेल. तुम्हीच सांगा, आहे की नाही?”

“तपासून सांगतो.”

“लवकर सांगा. आणि काका, तुम्हीच तपासायला हवं का? दुसरं कुणी...”

“दुसरं कुणी नाही,” भाऊ म्हणाले. ते खरंच होतं. या शहरात ही तपासणी दुसरं कुणी करत नव्हतं.

ठकूनं नर्सकडून नमुन्याची बाटली मागून घेतली. भरून आणून दिली तेव्हा तिच्या दुसऱ्या हातात कागदात बांधलेली साखर होती. आईच्या दुखण्यात अशीच पुडी उशीखाली असायची. उपाशी राहिलं की दुखणं चवताळतं, साखर पोटात गेली की जरा दबतं.

“नर्सनं मला दिलीय. तुम्ही खा.”

“मला कशाला?”

“आठवडाभर तुम्ही दोन्ही ताटं झाकून ठेवताय. मला कळत नाही का?” तिनं पुडी त्यांच्या खिशात कोंबली. मग कळ आली आणि ती भिंतीकडे वळली.

भाऊ तिच्या श्वासाकडे कान देऊन उभे राहिले. ती श्वास रोखून धरत होती, सगळी माणसं धरतात तसा. तीन तुटक, एक लांब, असं तिथं काही नव्हतं.

६

काळ्या खोलीत त्यांनी स्टँडवर तीन नळ्या लावल्या. डावीकडे निळी, उजवीकडे पांढरी, मध्ये ठकूची, पिवळ्या टोपणाची. दार लावलं. स्टुलावर बसले.

डोळे सरावायला हवेत. त्याशिवाय दिवा लावण्यात अर्थ नाही. भाऊंनी स्वतःला हे दोनदा समजावलं.

ज्या मापानं मोजायचं ते मापच सरकलं, तर मोजायचं कशानं? ठकूची नळी बायकोच्या नळीसारखी निघाली, तर त्याचा अर्थ काय? ती तर पाण्यासारखी झालीय. माझ्या नळीसारखी निघाली तर? मी साधा आहे, हे कुणी ठरवलं? कधी ठरवलं?

श्वास सुरू झाला. तीन तुटक, एक लांब. आज तो भिंतीपलीकडे नव्हता. स्टँडच्या अंतरावर होता.

मग काच वाजली. अगदी हलकी, नळी खोबणीतून उचलताना वाजते तशी. आणि पुन्हा, ठेवताना वाजते तशी.

भाऊंनी दिवा लावला.

जांभळा दिवा पेटताना आधी फडफडतो. त्या फडफडीत त्यांना स्टँडवरून मागं जाणारी बोटं दिसली. करंगळी उचललेली. सुई ओवताना, कपाची कड धरताना, मीठ चिमटीत घेताना बायकोची करंगळी अशी वर राही. दिवा स्थिर झाला तेव्हा स्टँडपलीकडे काळी भिंत होती.

निळी नळी चमकत नव्हती. मधली चमकत नव्हती. पांढरी मात्र निखाऱ्यासारखी लाल होती.

भाऊंचा जीव भांड्यात पडला, आणि पडताच तिथून उसळून वर आला. तिनं काय केलं? मुलीचं दुखणं उचलून दुसरीकडे ठेवलं? की फक्त नळ्यांची अदलाबदल केली, टोपणंही बदलून? आई म्हणून आली होती, की आजार म्हणून? मधल्या नळीत ठकू असेल, तर सर्जनला सांगायचं, तिला हा आजार नाही, चिरा. मधल्या नळीत मी असेन, तर तेच वाक्य तिचा जीव घेईल.

निम्मा जन्म त्यांनी एका प्रकारापासून दुसरा प्रकार वेगळा करण्यात घालवला होता. समोर तीन नळ्या होत्या आणि कोणती कुणाची, हे त्यांना सांगता येत नव्हतं.

७

ते पुन्हा वर गेले. ठकूकडून दुसरा नमुना घेतला. बाटली मुठीत धरून जिन्यानं उतरले. लिफ्टमध्ये दिवा मिणमिणत होता, म्हणून लिफ्ट टाळली. वाटेत स्वच्छतागृहात स्वतःची बाटली भरली. ठकूची उजव्या मुठीत, आपली डाव्या. काळ्या खोलीत गेले नाहीत. खिडकीपाशी, भर उन्हात, घड्याळबाईंना शेजारी उभं करून त्यांनी दोन्हींत औषधाचे थेंब टाकले.

ठकूचा नमुना पिवळा होता तो पिवळाच राहिला. भाऊंनी तो पुन्हा केला. पिवळाच.

डावीकडच्या नळीत थेंब पडताक्षणी रंग धावला. गर्द गुलाबी, जांभळटाकडे झुकणारा.

आधी फोन. सर्जननं पहिल्याच घंटेला उचलला.

“तिला नाही,” भाऊ म्हणाले. “तुम्ही शस्त्रक्रिया करा.”

“नक्की?”

“डोळ्यांसमोर केलंय. नक्की.”

“छान. तुमचा आवाज का असा येतोय, काका? बसून घ्या जरा.”

भाऊंनी फोन ठेवला. माणूस आठवडाभर उपाशी राहिला, काळजीनं खंगला, आणि त्याच्या रक्तात वर्षानुवर्षं झोपलेलं काही जागं झालं, असं होऊ शकतं. नवरा आणि बायको दोघांत एकच दुर्मीळ आजार असणं लाखात एखाद्या घरी घडत असेल, पण घडतच नसेल असं नाही. प्रकार एक असू शकतो. भाऊंनी हा युक्तिवाद मनाशी नीट मांडला. त्यात कुठं फट नव्हती. तो घेऊन त्यांनी आपली नळी यंत्रात घातली.

रेघ चढली, शिखरावर गेली. शिखर तिच्याच प्रकाराचं. मग उतरू लागली, आणि उतरताना उजवीकडे एक लहानसा उंचवटा आला.

घड्याळबाई चष्मा पुसत पडद्यापाशी आल्या. रंग चढलेली नळी त्यांनी वहिनींचीच धरली होती. त्यांचा चेहरा उजळला.

“बघा,” त्या म्हणाल्या, “उगाच काळजी करत होतात. आल्या की वहिनी परत.”

पडद्याकडे बघतच भाऊ म्हणाले, “यापुढं साधा नमुना ठकूचा घेऊ. ती बरी झाली की.”

“आणि तुमचा?”

“माझं टोपण बदला. निळं लावा.”

घड्याळबाई हसल्या, भाऊंनी क्वचित केलेली थट्टा समजून. भाऊ काळ्या खोलीतला दिवा मालवायला गेले. तो जळत राहिला होता. मालवला, आणि अंधारातच स्टुलावर बसले. खिशातली पुडी चाचपली. पाठीत, खाली डावीकडे, कुणीतरी उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

श्वास सुरू झाला. तीन तुटक, एक लांब.

“काय पाहिजे?” त्यांनी हळूच विचारलं.

ते बोलत होते तेवढा वेळ आवाज थांबला. भाऊंनी ओठ घट्ट मिटून दम रोखला. खोलीत काहीच ऐकू येईना. फ्रीजरची मोटरसुद्धा नाही. त्यांनी जमेल तेवढा वेळ दम धरून ठेवला.

मग छाती आवरेना. त्यांनी दातांतून हवा ओढली, आणि ती तुटत तुटत आत गेली. एक, दोन, तीन. आणि मग एक लांब.